बांधातली बाळंतवाट

कोंडाईच्या वाडीखाली तांबेरी नदी जिथे वळण घेते, तिथे एक दगडी बांध आहे. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसवत या काठापासून त्या काठापर्यंत नेलेला. बांध चांगला मजबूत आहे, पण पहिल्यांदा पाहणारा हमखास हसतो. कारण ऐन मधोमध, जिथे पाण्याला सगळ्यात जास्त ओढ आहे, तिथेच त्याला खिंडार आहे. पडलेले नव्हे, मुद्दाम ठेवलेले. मासे अडवायला बांध घालायचा आणि मासे निसटतील अशी वाट त्यातच सोडायची, हा काय प्रकार, असे पाहुणे विचारतात.

त्याहून चमत्कारिक आहे ते त्या खिंडाराचे माप. दर वैशाखात वाडी बांधाची डागडुजी करते, तेव्हा वाडीतली एखादी पोटुशी बाई कमरेवर दोन्ही हात ठेवून त्या वाटेतून चालत जाते. कोपर दगडाला लागले तर दगड काढायचा, न लागले तर माप बरोबर. या वाटेला बाळंतवाट म्हणतात. पुढे पाऊस सुरू होऊन मासे वर चढायला लागले, की वाडीचा बांधकरी, म्हणजे बांध राखणारा, या वाटेकडे पाठ करून बसतो आणि काही झाले तरी मागे वळत नाही. पाठ फिरवून राखण करणारा राखणदार दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा, असे नवसू आजा म्हणतो.

नवसू आजा हा ठाकर आदिवासींच्या या वाडीतला सर्वांत जुना माणूस. पाहुण्यांना तो बांधावर नेतो, सपाट दगड बघून बसवतो, स्वतः मात्र उभाच राहतो आणि सांगू लागतो. आधीच बजावतो, की गोष्ट ऐकून सगळा उलगडा होईल अशी आशा धरून बसू नका. त्याला तो जन्मभरात झालेला नाही.

असे सांगतात, की फार पूर्वी या बांधाला खिंडार नव्हते. खडस हा या नदीचा मोठा मासा. तळहातात मावणार नाहीत असे सोनेरी खवले, ओठांना मिशा. नदीला तांबडे पाणी आले की तो खालच्या खोल डोहांतून निघतो आणि डोंगराच्या दिशेने वर चढतो. बांधाशी आला की अडे. तिथे बांबूच्या कामट्यांचे लांबट सापळे लावलेले असत. त्यांना भोकशी म्हणतात. तिचे तोंड खालच्या अंगाला, येणाऱ्या माशाकडे. मासा एकदा आत शिरला की त्याला मागे फिरता येत नाही. त्या थोड्या दिवसांत वाडी एवढे मासे धरी, की चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकवून ते नवा दाणा घरात येईपर्यंत पुरत. माशाच्या पोटातली अंडी, म्हणजे गाभोळी, घरोघर तव्यावर भाजली जाई. पोटुशा बायकांना ती आवर्जून खायला घालत.

बांध राखायचे काम वाळकूच्या घराकडे होते. वाळकू कष्टाळू, सरळ, आणि हट्टी. त्याची बायको पदी म्हणायची, की ह्यांच्या डोक्यालाही भोकशीचंच तोंड हाय, आत गेलेलं परत बाहेर येत नाय. एकुलती लेक सावळी. ती नदीच्या खालच्या अंगाला, कातळपाड्याला दिलेली.

एका साली मासे निम्मेच आले. वाळकूला वाटले, होते कधी असेही. पुढच्या साली त्याहून कमी आले, तेव्हा मात्र तो बुचकळ्यात पडला. पाणी तेच, डोह तेच, भोकशी नवी विणलेली, मग मासे गेले कुठे? वाडीने कोंडाईला कोंबडा दिला. त्याच्या पुढच्या साली बकरा दिला. कोंडाई म्हणजे वरच्या डोहाकाठची शेंदूर लावलेली शिळा. ती काही बोलली नाही.

कुणीतरी म्हणाले, खालचे लोक सगळे मासे मारून घेतात. वाळकू तावातावाने खाली गेला. लेकीच्या सासरी पाण्याचा घोटही न घेता त्याने व्याह्याला विचारले, "आमचं मासं कुठं घातलंत?"

व्याही त्याच्याकडे बघतच राहिला. "वाळकूदादा, आम्हीच तुमाला इचारायला येनार व्हतो. आमच्या डोहात बारका मासा दिसंना झालाय. वरून काय येतच नाय."

वाळकू परतला तो जास्तच गोंधळून. वर मासे नाहीत, खाली मासे नाहीत. वरचे म्हणतात खालच्यांनी खाल्ले, खालचे म्हणतात वरच्यांनी. मासा काही पाखरू नव्हे उडून जायला. वाटभर विचार करून करून त्याने एकच अनुमान काढले, आणि ते बांध राखणाऱ्या माणसालाच सुचू शकते असे होते. मासे येतात, पण आपल्या बांधातून निसटून वर जातात, असे त्याच्या मनाने घेतले.

मग तो फटी शोधू लागला. दगडाला कान लावून पाणी कुठे झिरपते ते ऐके आणि तिथे पाचर मारी. फांद्या, पेंढा, चिखल, एकदा तर डोक्याचे मुंडासे सोडून त्याने फटीत कोंबले. तरी मासे कमीच. मग त्याने बांध हातभर वर नेला. पुढच्या साली आणखी हातभर. मासे घटतील तसा बांध वाढत गेला, आणि बांध वाढेल तसे मासे घटत गेले. वाळकू रात्रंदिवस राबत होता आणि त्याला काहीच कळत नव्हते. इथे नवसू आजा थांबतो आणि पाहुण्यांना म्हणतो, हसू नका, त्या बांधावर दगड वाहायला सगळी वाडी होती. शहाणा त्यात एकही नव्हता.

शेवटी असे साल आले, की माळे रिकामे, कणगी रिकामी. वाडीचा कारभारी धाऊ याने सगळ्यांना कोंडाईपाशी बोलावले. तो म्हणाला, "ह्या पावसात मासा आला नाय, तर आपन घाट चढून जायचं. तिकडं लोकांच्या बांधावर राबू. हितं बसून पोरं मारायची का?"

घाट चढून गेलेली वाडी पुन्हा एका जागी नांदत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. एक घर इकडे, एक तिकडे, आणि कोंडाईला दिवा लावायला कुणी नाही. बायकांनी त्याच दिवशी गाठोडी बांधायला घेतली. वाळकूला ते पाहवेना. तो डोहात उतरला, दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि सगळ्यांच्या देखत त्याने शपथ घेतली. "औंदा एकबी खडस बांधापल्याड जानार नाय. गेला, तर मी बांधकरी नाय. जल्मात पुन्हा ह्या पान्यात हात घालनार नाय."

त्या साली पाऊस लवकर आला. सावळीचे पहिलेच बाळंतपण होते. तिने पावसाआधी माहेरी यायचे ठरले होते. पण नदीकाठची वाट पाण्याखाली गेली आणि लेकीचा पत्ता नाही. पदी घरात आणि दारात येरझारा घालू लागली. वाळकू बांधावर बसून होता. त्याचे एक मन लेकीकडे आणि एक मन पाण्याकडे. पाणी तांबडे झाले, लोंढे आले, भोकशी मात्र रिकामीच निघत होती.

असे म्हणतात, की त्या दुपारी धुके इतके उतरले होते, की वाळकूला स्वतःचे पाय दिसत नव्हते. सकाळ आहे की संध्याकाळ, तेही कळेना. आणि त्यातून बांधाच्या खालच्या अंगाने हाक आली.

"बा, वाट दे."

वाळकू दचकला. खाली कमरेएवढ्या पाण्यात एक बाई उभी होती. पोट पुढे आलेले, दोन्ही हात कमरेवर, दमून उभ्या राहणाऱ्या पोटुशीचे असतात तसे. तोंड धुक्यात नीट दिसत नव्हते.

"सावळे? अगं, पान्यातून कशी आलीस?"

"दुसरी वाट कुठं हाय?"

"हात दे. वर घेतो तुला."

"पोट घेऊन चढू कशी? हरसाल येते बा, आन् हरसाल वाट बंद."

वाळकूला काही सुधरेना. हरसाल? हिचे तर हे पहिलेच. तापात बरळते आहे की काय? तो खाली वाकला आणि मग त्याला दिसले, की तिच्या मागचे पाणी काळे झाले आहे. आधी त्याला वाटले, सावली पडली असेल. पण ऊन नव्हते, सावली कसली पडते? ते मासे होते. एवढे खडस त्याने आयुष्यात पाहिले नव्हते. तिच्या पायांमागे, बाजूंना, जिथवर नजर जात होती तिथवर पाठीला पाठ लावून ते थांबले होते. वर्षानुवर्षे ज्यांची वाट पाहिली ते सगळे आज दारात आले होते.

आता भोकश्या लावायच्या, की दगड काढायचे? दगड काढला की मासे गेले, वाडी गेली, शपथ गेली. न काढावा तर लेक वाहून जाणार. बांधावर उभ्या असलेल्या त्या माणसाची काय अवस्था झाली असेल, ते सांगता येत नाही, असे आजा म्हणतो, आणि सांगतही नाही. एवढेच सांगतो, की वाळकू रडत होता, कोंडाईला शिव्या घालत होता, आणि त्याचे हात दगड उपसत होते.

वरचा थर निघाला, मधला निघाला. त्याचे मुंडासे फटीतून सुटून वाहत गेले. पाणी धो धो करत खाली झेपावले. ती बाई पुढे सरकली आणि थांबली.

"कोपर लागतंय, बा. अजून एक काढ."

त्याने तोही काढला. ती त्याला घासून वर गेली. तिचा दंड त्याच्या हाताला लागला, तो इतका गार होता की वाळकूच्या अंगावर काटा आला. आणि तिच्या मागून मासे. त्याच्या गुडघ्यांना धडका देत, एकमेकांच्या अंगावरून, पाण्याच्या धारेवर उड्या घेत सगळे वर गेले. तो लेकीला सावरायला मागे वळला, तर तिथे लेक नव्हती. नुसते पाणी, आणि पाण्यावर उठणाऱ्या सोनेरी पाठी.

"सावळे!" तो वरच्या डोहापर्यंत ओरडत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी त्याला वाटले, पाय घसरून गेली पोर. वाट दिली आणि त्याच वाटेत मारली आपण तिला. तो ऊर बडवत घरी आला.

घरात चुलीपुढे सावळी बसली होती आणि पदी तिचे केस पुसत होती.

वाळकू उंबऱ्यातच बसला. पदी म्हणाली, "असं काय करता? आत्ताच आली. जावई डोंगरावरून घेऊन आले, वरच्या वाटेनं."

"तू पान्यातून नाय आलीस?"

"पान्यात पायबी नाय घातला, बा."

"मग मला हाक कुनी मारली?"

सावळी आईकडे बघू लागली, आई जावयाकडे. बिचारा जावई कुणाकडे बघणार, तो आपल्या पायांकडे बघत राहिला. पण पदीचे हात पोरीचे केस पुसता पुसता थांबले. सावळीची दोन्ही कोपरे खरचटलेली होती, अगदी ताजी. वरच्या वाटेवर करवंदीची जाळी आहे, तिथे लागले असेल, असे सावळी म्हणाली. लागले तेव्हा मात्र तिला कळले नव्हते.

वाडीला कळायला वेळ लागला नाही. लोक बांधावर धावले. पाहतात तर मधोमध खिंडार, वरच्या अंगाला उसळणारे मासे, आणि खाली एकही नाही. कारभारी धाऊ संतापून वाळकूसमोर येऊन उभा राहिला. "का केलंस रं असं?" त्याने विचारले. वाळकूने झाले ते सांगितले. सांगताना त्याच्याच लक्षात येत होते, की याचा काही मेळ बसत नाही. कोण होती, असे विचारले तर म्हणाला, ठाऊक नाही. मग दगड का काढलेस? कोपर लागत होते म्हणून. लोकांना वाटले, उपासाने डोके फिरले. त्याने आपला कोयता आणि भोकशी कारभाऱ्यापुढे ठेवली. आपण बांधकरी उरलो नाही, हे त्याला कुणी सांगावे लागले नाही.

वाडी निघायचीच होती. पण त्याच आठवड्यात सावळी बाळंत झाली, मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला घाट चढवणार कसा? तिला मागे ठेवून जावे, तर तेही कुणाला बरे वाटेना. तिचा सव्वा महिना होऊ दे, मग जाऊ, असे म्हणत वाडी थांबली. टाकळा, कुर्डू, कंदमुळे, मिळेल ते उकडून खाल्ले. लोक वाळकूशी बोलत नव्हते, पण त्याच्या लेकीसाठी थांबले होते. माणसांचे असे असते, असे आजा म्हणतो, आणि पाहुण्यांकडे न बघता नदीकडे बघतो.

पाणी निवळले तेव्हा पदी बाळाची दुपटी धुवायला वरच्या उथळ धारेवर गेली. तिने दुपटे पाण्यात टाकले आणि झटकन मागे घेतले. तिला वाटले, तळाची वाळू हलते आहे. ती वाळू नव्हती. गव्हाच्या दाण्याएवढी पिल्ले होती, अख्खी धार भरून. आणि त्यांच्या पलीकडून मोठे खडस एकेक करून खाली येत होते. त्यांची पोटे आत गेलेली, चाल सावकाश. पदी कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग ओले दुपटे तसेच खांद्यावर टाकून ती कारभाऱ्याच्या अंगणात गेली.

ती म्हणाली, "कारभारी, ती मासं माहेरवाशिनी हायेत. बाळंतपनाला वर जातात. आपन दरसाल त्यांना उंबऱ्यात मारत आलो, आन् पोटातलं पोर भाजून आपल्या पोटुशींना घातलं. मग नदीच्या घरात पाळना हालंल कसा?"

ज्या बायकांनी गाभोळी खाल्ली होती त्या खाली बघू लागल्या. पदीने स्वतःही खाल्लीच होती. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

त्या दिवशी भोकश्या पुन्हा लावल्या, पण उलट्या, तोंड डोंगराकडे करून. खाली परतणारे मासे वाडीने धरले, भूक भागेल एवढेच. खाली उतरणारा पहिला खडस मात्र पदीने हातात घेतला, मूठभर तांदूळ पाण्यात सोडून त्याची ओटी भरली आणि त्याला सोडून दिले. तांदूळ तरी तिने कुठून आणले, असे विचारले तर आजा म्हणतो, बाळंतिणीच्या वाट्याचे. वाडी घाट चढून गेली नाही. दोन-चार सालांत कातळपाड्याचे डोहही भरले, आणि व्याह्यांचे एकमेकांशी पुन्हा बोलणे सुरू झाले.

इथे एखादा पाहुणा हटकून विचारतो, की आजोबा, माहेरवाशीण म्हणता, आणि सासरी परतताना तिलाच खाता? आजा कान खाजवतो. हेच वाळकूनेही विचारले होते म्हणे. पदीला विचारले, कारभाऱ्याला विचारले, कोंडाईलाही विचारले. कुणालाच उत्तर देता आले नाही. म्हणून कमी खायचे आणि खाताना हसायचे नाही, एवढे ठरले. ते आजवर पाळतात. मासा चढत असताना वाडीत चुलीवर मासा चढत नाही; खालच्या गावांनीही ते मान्य केले आहे. भोकशी कधी लावायची तो दिवस वाडीच्या बायका ठरवतात. त्या वरच्या धारेवर जाऊन पिल्ले बघून येतात, मगच.

धाऊने वाळकूला पुन्हा बांधकरी केले. पण शपथ ती शपथ. पुन्हा पाण्यात हात घालायला तो तयार होईना. मग तो नुसता बसू लागला, खिंडाराकडे पाठ करून. समोर बघितले तर हात आपोआप भोकशीकडे जातील, अशी त्याला भीती होती. आणि दुसरेही एक होते. त्या दिवशी तो वळला आणि ती दिसेनाशी झाली, हे त्याच्या मनातून कधी गेले नाही. पाऊस सुरू झाला की तो बसायचा, मागे पाण्याचा आवाज बदलायचा, पाठीला गारवा लागायचा, आणि तो मोठ्याने म्हणायचा, "जा बाई, जा. वाट मोकळी हाय." म्हातारा झाल्यावर तो कधी कधी सावळीची कोपरे हातात घेऊन बघत बसे. ती म्हणे, "बा, करवंदीच्या जाळीत लागलं व्हतं रं." तो मान हलवी, पण त्याला ते पटलेले नसे. न पटलेलेही नसे.

आजही वैशाखात वाडी बांधावर जमते. आजही माप घ्यायला पोटुशीच लागते. औंदा ती नवसू आजाची नातसून आहे, हेमी. साडीचा काष्टा खोचून, कमरेवर हात ठेवून ती उन्हाने आटलेल्या पाण्यात उतरते आणि त्या वाटेत शिरते. पुरुष दोन्ही बाजूंना पहारी घेऊन थांबलेले. आजा काठावर, नदीकडे पाठ करून उभा.

"लागतंय का गं?" तो विचारतो.

हेमी थांबते. दोन्ही कोपरे दगडांपासून बोटभर दूर आहेत. सगळ्यांना ते दिसते आहे, तिलाही.

"लागतंय, आजा," ती म्हणते. "अजून एक काढा."

आणि पुरुष पहारी लावून आणखी एक दगड काढतात.